पुण्याहून व्हिएतनामला जाताना: आधी महिना, मग नकाशा, मग तिकीट

“आठ दिवसांत अख्खा व्हिएतनाम होतो का?” पहिल्यांदाच परदेशात जायचं मनावर घेतलेल्या पुणेकराचा हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: होत नाही, आणि करूही नये. देश उत्तर-दक्षिण साडेसोळाशे किलोमीटरच्या आसपास पसरलेला, लांबट आणि मध्ये अगदी चिंचोळा. हनोईहून हो ची मिन्ह सिटीला, म्हणजे जुन्या सायगावला, रेल्वेने जायचं तर १,७२६ किलोमीटर आणि तीस तासांहून जास्त वेळ. अंतर एक वेळ विमानाने कापता येईल. खरी अडचण हवामानाची आहे. उत्तर, मध्य आणि दक्षिण या तीन भागांचा पावसाळा वेगवेगळ्या महिन्यांत येतो. म्हणून हॉटेलं आणि विमानं बघण्याआधी घरात एवढंच ठरवा, की सुट्टी नेमकी कोणत्या महिन्यात मिळणार आहे. कुठे जायचं ते त्यावरून ठरतं.

पहिली पायरी: सुट्टीचा महिना, त्यावरून देशाचा भाग

शाळकरी मुलं असलेल्या घराला मोठी सुट्टी तीनदा मिळते: दिवाळी, नाताळ आणि मे महिना. या तिन्हींसाठी व्हिएतनामचा वेगवेगळा भाग योग्य आहे.

दिवाळीत उत्तरेला जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हनोईची हवा छान असते. पाऊस ओसरलेला असतो, उकाडा कमी झालेला असतो आणि दिवसभर पायी फिरता येतं. हनोईपासून गाडीने दोन तासांवर निन्ह बिन्ह आहे. भाताच्या खाचरांमधून सरळसोट उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर, मधून वाहणारी संथ नदी आणि वल्ह्याच्या छोट्या होड्या. ताम कोकला होडी चालवणाऱ्या बायका हातांनी नव्हे, पायांनी वल्हवतात. मागे रेलून बसायचं आणि दोन्ही तळव्यांनी वल्हं ढकलत राहायचं, हे मुलं विसरत नाहीत. ‘हा लाँग’ नावाचा उपसागर हनोईहून अडीच-तीन तासांवर आहे. १९९४ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. तिथे बोटीवर एक रात्र राहावं, दिवसभराच्या धावत्या सहलीत निम्मा वेळ बसमध्ये जातो.

याच दिवाळीत मध्य भागात, म्हणजे दा नांग, होई आन आणि ह्वे या पट्ट्यात, वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस पडतो. होई आनचं जुनं गाव थु बोन नदीच्या काठावर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदीचं पाणी गल्ल्यांत शिरतं आणि लोक घरासमोरून होड्यांनी ये-जा करतात. तरीही दिवाळीच्या जाहिरातींत होई आनचे कंदील आणि दा नांगचा समुद्रकिनारा झळकतोच. सहल कंपनीच्या कार्यक्रमात दिवाळीच्या तारखांना हा भाग दिसला, तर पाऊस झाला तर पर्यायी कार्यक्रम काय आहे, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

नाताळात दक्षिणेला जा. डिसेंबर ते एप्रिल तिकडे कोरडा हंगाम असतो. सायगाव, मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश आणि फू क्वोक बेट असा आटोपशीर बेत होतो. त्या दिवसांत हनोईला जाणार असाल तर स्वेटर घ्या. तिथला पारा पंधराच्या खालीही येतो आणि साध्या हॉटेलांत खोली गरम करायची सोय नसते. ‘उष्ण कटिबंधातला देश’ म्हणून नुसते सुती कपडे भरलेल्या आजी-आजोबांचे तिथे हाल होतात.

मे महिन्यात मध्य भाग. ऊन कडक असतं, पण आकाश मोकळं आणि समुद्र शांत. जूनअखेरपर्यंत हेच चालतं. फक्त ३० एप्रिल आणि १ मे या तारखा टाळा. त्या तिकडच्या मोठ्या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत आणि निम्मा देश दा नांगच्या किनाऱ्यावर उतरलेला असतो. ५-६ मेनंतरचं बघा, दर लगेच खाली येतात.

ज्यांना शाळेचं बंधन नाही, त्यांनी मार्च किंवा एप्रिलचा पहिला पंधरवडा धरावा. तेव्हा तिन्ही भाग बऱ्यापैकी कोरडे असतात. चांद्र नववर्षाचा तेत हा सण मात्र सांभाळा. तो २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतो, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात दुकानं, खाणावळी बंद आणि गाड्या तुडुंब. जुलै ते सप्टेंबरमध्ये उत्तरेला वादळांचा धोका असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी चक्रीवादळाने हा लाँगच्या परिसराची दाणादाण उडवली, आणि जुलै २०२५ मध्ये तिथेच अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून तीसहून अधिक माणसं गेली. बंदर प्रशासनाने बोटी थांबवल्या तर पैशासाठी हुज्जत घालू नका, आणि बोटीत लाइफ जॅकेट अंगावरच ठेवा.

दुसरी पायरी: पासपोर्टवरचं नाव आणि ई-व्हिसा

पासपोर्ट नसेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची ऑनलाइन वेळ घ्या. साध्या छत्तीस पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये. असेल तर मुदत पाहा. परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने शिल्लक हवेत. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, पण लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो. आईवडिलांचे पासपोर्ट व्यवस्थित आणि धाकट्याचा संपत आलेला, असं बऱ्याच घरांत निघतं.

व्हिएतनामचा व्हिसा घरबसल्या काढता येतो. ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना नव्वद दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा ये-जा करायची असेल तर ५०. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. गूगलवर शोधलं की सरकारी वाटणारी पाच-सहा संकेतस्थळं वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. खरं संकेतस्थळ इमिग्रेशन खात्याचं आहे आणि त्याचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ने संपतो. पत्ता आणि फी, दोन्ही जुळले तरच कार्ड काढा.

अर्ज भरताना आपल्या मराठी नावांची काळजी घ्यावी लागते. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर यातली पहिली दोन नावं ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात आणि आडनाव ‘सरनेम’मध्ये असतं. अर्जातही तसंच, अक्षर न अक्षर जुळवून. मधलं नाव गाळू नका. जुन्या काही पासपोर्टांत आडनावाचा रकाना रिकामा आणि पूर्ण नाव एकाच ओळीत असतं, तिथे चुकायचा संभव सगळ्यात जास्त. माहितीच्या पानाच्या तळाशी बाणांसारख्या खुणांच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतली पहिली ओळ समोर ठेवा. विमानतळावरचं यंत्र तेच वाचतं. लग्नानंतर आधार आणि पॅनवर नाव बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिला असेल, तर तिकीट आणि व्हिसा दोन्ही पासपोर्टवरच्या नावानेच काढा.

आणखी दोन गोष्टी. कोणत्या विमानतळावरून देशात शिरणार, हे अर्जात निवडावं लागतं, म्हणून अर्जाआधी मार्ग पक्का हवा. आणि प्रवेशाची तारीख. मुंबईहून रात्री उशिरा निघणारी विमानं दुसऱ्या दिवशी पोचतात, हे लक्षात ठेवून व्हिसा एक दिवस आधीपासून सुरू करून घ्या. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि चष्म्याविना. कागदोपत्री मुदत तीन कामकाजाच्या दिवसांची आहे, पण सुट्ट्या आणि गर्दीत ती लांबते. तीन-चार आठवडे हाताशी ठेवून अर्ज करा. व्हिसा आला की त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. आपली चूक आपल्या डोळ्यांना सापडत नाही. मग दोन प्रती छापून एक हातातल्या बॅगेत टाका.

तिसरी पायरी: विमान

लोहगावहून व्हिएतनामसाठी विमान बदलावं लागतं. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत, पाच-साडेपाच तासांची. लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर मी मुंबईच सुचवेन. येताना-जाताना एकच शहर धरायची गरज नाही. उत्तरेत उतरून दक्षिणेतून परतायचं असेल तर तशी तिकिटं मिळतात आणि उलट प्रवास वाचतो.

स्वस्त तिकिटात बहुतेकदा सात किलोचं हातातलं सामानच धरलेलं असतं. मोठ्या बॅगेचे पैसे तिकिटाबरोबरच भरा, काउंटरवर ते फार महाग पडतात. दा नांगचं देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं असेल तर मध्ये चार तास मोकळे ठेवा. इमिग्रेशन करून, बॅग घेऊन, पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि हनोईच्या नोई बाई विमानतळावर देशांतर्गत विमानांचं टर्मिनलही वेगळं आहे.

पुणे ते सहार, म्हणजे मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ, हा प्रवास एरवी चार तासांत होतो. शुक्रवारी संध्याकाळी किंवा पावसाळ्यात बोरघाटात अडकलात तर सहा लागतात. मध्यरात्रीच्या विमानासाठी दुपारीच निघा.

चौथी पायरी: मुक्काम दोनच

आठ दिवसांत दोन मुक्काम, फार तर तीन. दर वेळी हॉटेल बदललं की अर्धा दिवस बॅगा भरणं, गाडी आणि चेक-इनची वाट पाहणं यात जातो. मे महिन्याचं उदाहरण घेऊ. होई आनला चार रात्री आणि हनोई किंवा सायगावला तीन. होई आनला मुक्काम ठेवला की दा नांगचा समुद्र, चाम (इथे पूर्वी राज्य करणारे लोक) शिल्पांचं संग्रहालय आणि ‘मी सन’ची जुनी मंदिरं हे सगळं तिथूनच होतं. ह्वेला नुयेन राजांचा किल्ला आहे. तिकडे दा नांगहून रेल्वेने जा आणि उजवीकडची खिडकी मागा. हाय व्हानच्या घाटात गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते. अडीच-तीन तासांचा प्रवास आहे, डुलकी काढू नका.

मी सनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बऱ्याच कार्यक्रमांत ते नसतंच आणि त्याच्या जागी करमणुकीच्या बागेचा पूर्ण दिवस असतो. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, चाम राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकाच्या दरम्यान बांधलेली शिवमंदिरं आहेत. पहिलं मंदिर राजा भद्रवर्मन याने बांधलं आणि देवाला नाव दिलं भद्रेश्वर. तिथले बरेच शिलालेख संस्कृतात आहेत. भाजलेल्या विटा एकमेकींना इतक्या घट्ट बसवल्या आहेत की सांध्यात चुना शोधूनही दिसत नाही. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत यातलं सगळ्यात उंच मंदिर कोसळलं, आणि बॉम्बचे खड्डे आजही गवताखाली ओळखू येतात. अलीकडे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं. त्या खोदकामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाने हे चुकवू नये. सकाळी लवकर पोचा, दहानंतर सावली उरत नाही.

होई आनला कोणत्या रात्री असावं, हे कॅलेंडर पाहून ठरवा. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री, म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या दिवसाच्या सुमारास, जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात आणि नदीत कागदी दिवे सोडतात.

सहल कंपनीबरोबर जाणंही चांगलं आहे. आई-बाबा दोघंच निघाले असतील तर मी तेच सांगेन, कारण मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि रोजचं भारतीय जेवण यांची त्या वयात खरी किंमत असते. पैसे भरताना टीसीएस, म्हणजे कंपनीने आगाऊ वसूल करायचा आयकर, घेतला जाईल. त्याची पावती जपून ठेवा, आयकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो.

पाचवी पायरी: जेवण

शाकाहारी माणसाने घाबरायचं कारण नाही, पण तयारी हवी. व्हिएतनामी स्वयंपाकात माशांपासून केलेलं नुऑक माम हे पातळ सॉस जवळपास प्रत्येक पदार्थात असतं. फो या नूडल्सच्या सूपमध्ये मांसाचा तुकडा नसला तरी त्याचा रस्सा हाडं उकळून केलेला असतो. त्यामुळे “चिकन काढून द्या” म्हणून भागत नाही. विचारायचं ते ‘आन चाय’ असं. बौद्ध परंपरेतलं शुद्ध शाकाहारी जेवण म्हणजे चाय, आणि ज्या खाणावळीच्या पाटीवर हा शब्द असेल तिथे मासे, मांस नसतंच. नकाशात याच शब्दाने शोधा, प्रत्येक शहरात आठ-दहा जागा सापडतील. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पुष्कळ बौद्ध कुटुंबं मांसाहार वर्ज्य करतात, तेव्हा साध्या खाणावळींतही चाय मिळतं. अंडं चालत नसेल तर ते वेगळं सांगा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तर भाषांतराच्या ॲपवर तसं वाक्य आधीच तयार करून ठेवावं. बोटीवरच्या मुक्कामासाठी बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, ऐन समुद्रात स्वयंपाकी नवीन काही आणू शकत नाही.

चाय खाणावळीत बान सेओ जरूर मागा. तांदळाच्या पिठात हळद घालून केलेलं ते कुरकुरीत धिरडंच, आत मोडाचे मूग आणि अळंबी. हिरव्या पानांत गुंडाळून खायचं. एरवी त्यात कोळंबी आणि डुकराचं मांस असतं, म्हणून रस्त्यावर नुसतं बोट दाखवून घेऊ नका. मांसाहारी मंडळींनी हनोईत बुन चा (भाजलेलं डुकराचं मांस आणि नूडल्स) आणि कुठेही बान मी (लांबट पावातलं सँडविच) खावं. कॉफी सगळ्यांनीच प्यावी. हनोईत अंड्याची कॉफी मिळते, नको असेल तर नारळाच्या दुधाची.

घरून थोडे खाकरे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या घ्या, विशेषतः मुलांसाठी. फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका. नळाचं पाणी पिऊ नका.

फिरणं आणि तब्येत

टॅक्सी बोलावण्याचं ग्रॅब हे ॲप इथूनच चालू करून जा, भाडं आधीच दिसतं आणि घासाघीस टळते. दुचाकी भाड्याने घेण्याचा मोह पुणेकराला होणारच. घेऊ नका. वाहतूक उजवीकडून चालते, आणि तिथे वैध असलेला परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा फेटाळते. रस्ता ओलांडताना संथ, एकसारख्या चालीने जा. दुचाकीवाले तुमचा अंदाज घेऊन बाजूने निघतात. मध्येच पळणं किंवा मागे येणं धोक्याचं.

प्रवास विमा घ्याच, आणि त्यात आधीचे आजार खरेखुरे लिहा. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. डेंग्यू तिकडेही आहे, डासांचं मलम लावा. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

पैसे

भारतीय रुपये तिथे बदलून मिळतील असं धरू नका. इथल्या अधिकृत चलन विक्रेत्याकडून पॅन दाखवून डॉलर घ्या. पन्नास आणि शंभरच्या, घडी न पडलेल्या, डाग नसलेल्या कोऱ्या नोटा मागून घ्या. शाईचा ठिपका असला तरी तिकडचे दुकानदार नोट परत करतात किंवा दर कमी देतात. बरोबर एक फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन भरलेलं कार्ड, असू द्या. यूपीआयवर विसंबू नका. तिथलं सिम किंवा ई-सिम घेतलं तरी इथलं सिम फोनमध्ये चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

तिथलं चलन डोंग. एक लाख डोंग म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये. दुकानात किंमत ‘१०० के’ अशी लिहिलेली असते, तेच एक लाख. सगळ्यात जपायचं ते दोन निळ्या नोटांपासून. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही निळसर, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचं चित्र, दोन्ही गुळगुळीत प्लास्टिकसारख्या. वीस हजारांच्या नोटेमागे होई आनचा छपराचा जुना पूल आहे, पाच लाखांच्या नोटेमागे हो ची मिन्ह यांचं लहानपणचं घर. संध्याकाळच्या अंधारात टॅक्सीतून उतरताना सत्तर रुपयांच्या जागी साडेसतराशे देऊन बसणं अगदी सोपं आहे. म्हणून पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यातच ठेवा, आणि देताना शून्यं मोजून, रक्कम मोठ्याने म्हणून द्या. शेवटच्या दिवशी उरलेले डोंग तिथल्याच विमानतळावर बदला. पुण्यात ते घेणारा सहजी भेटत नाही.